तुळजापूरहून माघारी फिरू नका, नळदुर्गचा पाणी महाल बघून या

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा लागला की तुमच्या पेपरात रोज धरणांचा पाणीसाठा येतो, मांजरा किती, तेरणा किती, जायकवाडी किती, आमच्या घरी पेपर उघडला की आधी तीच चौकट वाचतात. त्या चौकटीत अजून एक ओळ वाढवा अशी विनंती करायला हे पत्र लिहितेय. नळदुर्गच्या किल्ल्यातला नर-मादी धबधबा आज चालू आहे का बंद, बस एवढंच.

कारण सांगते. आत्ता भाद्रपदात आम्ही घरचे सगळे तुळजापूरला गेलो होतो, सासूबाई, दीर-जाऊबाई, आमचे हे, पोरंसोरं, आणि हैदराबादहून आलेली नणंद. औशाहून सकाळी लवकर निघालो, उजनीत बासुंदी परतीच्या वेळेला खायची असं पोरांना समजावून सांगितलं (ऐकलं नाही कुणी, जाताना पण खाल्ली आणि येताना पण). देवी निद्रेत होती. घटस्थापनेच्या आधी आईची मूर्ती सिंहासनावरून हलवून शेजघरात चांदीच्या पलंगावर निजवतात, त्याच्या आधी पलंगाच्या गाद्यांचा कापूस गावातल्या बायका बसून पिंजतात, वर्षातून तीनदा देवी अशी निद्रा घेते. नणंदेच्या लहान्याला हे सगळं नवीन, त्यानं विचारलं आजी देवी दिवसा का झोपली, तर सासूबाई म्हणाल्या, अरे पुढं नऊ दिवस महिषासुराशी लढायचंय तिला, आत्ता नको का विसावा. कल्लोळ तीर्थावर हातपाय धुतले, गोमुखाचं पाणी डोळ्याला लावलं, दर्शन झालं, परडी भरली, आई राजा उदो उदो म्हणून बाहेर आलो तर अजून बारा पण वाजले नव्हते.

आता इथूनच नव्वद टक्के लोक घरी माघारी फिरतात. आमचा भाड्याच्या गाडीचा ड्रायव्हर पण तेच म्हणत होता, किल्ल्यात काय बघायचं ताई, सगळी पडझड झालीय, उगं ऊन खायचं. आणि आमच्या दिरांचं पण तेच मत होतं, कारण ते मागं एकदा मित्रांसोबत ऐन मे महिन्यात नळदुर्गला जाऊन आले होते, नदी कोरडी, खाली नुसते दगड, त्यामुळं तेव्हापासून कुणी नळदुर्गचं नाव काढलं की तिथं काहीच नाही म्हणून सांगायचे. पण नणंदेनं हट्टच धरला, हैदराबादला येता-जाता हायवेवर पाटी दिसते पण थांबणं कधी झालं नाही म्हणाली, आणि तुळजापूरहून पस्तीस किलोमीटरच्या आसपासच तर आहे. मग गेलो.

वरचं बोरी धरण भरलेलं होतं. किल्ल्यात शिरून बंधाऱ्याकडं चालायला लागलो की पाणी दिसायच्या आधी आवाज येतो. हा बंधारा मुख्य किल्ला आणि पलीकडचा रणमंडळ हा जोडकिल्ला यांच्या मधोमध बोरी नदीवर घातलेला आहे आणि महाल त्याच्या वर नाही की शेजारी नाही, बंधाऱ्याच्या पोटातच आहे. वरून जिना उतरायचा, अरुंद, ओला, सासूबाईंना एका बाजूनं यांनी आणि दुसऱ्या बाजूनं जाऊबाईंनी धरलेलं, एकेक पायरी बसत बसत उतरल्या पण उतरल्याच. आणि आत गेल्यावर सगळे एकदम गप्प झाले. समोर कमानी, कोरीव सज्जा, आणि त्याच्या पुढं वरून कोसळणारं पाणी, एका बाजूला नर, एका बाजूला मादी, आपण आत कोरडे उभे, नुसते तुषार तेवढे तोंडावर येतात. सासूबाईंनी चष्मा पदरानं पुसला आणि भिंतीला हात लावून बघितला, मला म्हणाल्या हात लाव, दगड थरथरतोय बघ. खरंच थरथरत होता. एवढं पाणी डोक्यावरून चाललंय आणि आत चार शतकांपूर्वीचा महाल तसाच्या तसा उभा आहे, हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय खरं वाटत नाही.

हा महाल १६१३ साली विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहानं बांधून घेतला, बांधणारा कारागीर मीर इमादीन. तिथं फारसी शिलालेख आहे, त्याचा आशय असा की या महालाकडं बघून मित्रांचे डोळे उजळतील आणि शत्रूचे डोळे अंध होतील. मला सगळ्यात भारी वाटलं ते हे की नुसती चैन म्हणून हे केलेलं नाही. नदी अडवली म्हणजे किल्ल्याला पाणी मिळालं, शत्रूला अडथळा झाला, आणि पावसाळ्यात जास्तीचं पाणी बंधाऱ्यावरून सोडायचंच आहे तर त्याच्या मागंच बसायची जागा केली. एकाच बांधकामात तिन्ही कामं. आणि साहेब, आम्ही लातूर जिल्ह्यातले लोक आहोत, २०१६ ला आमच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, घागरी घेऊन टँकरची वाट बघणं काय असतं ते आमच्या घरातल्या प्रत्येक बाईला माहितीय. त्याच दुष्काळी मुलखात आपल्याच हाकेच्या अंतरावर पाणी कसं अडवावं आणि त्याच्यावर प्रेम कसं करावं हे दगडात बांधून ठेवलंय आणि आपली पोरं ते न बघताच मोठी होतात, याचं मला फार वाईट वाटतं. सहली निघतात त्या लांब लांब वॉटर पार्कला.

पोरं मग उपळी बुरुजावर चढली, वर लांबलचक तोफा आहेत, हत्ती तोफ आणि मगर तोफ, तिथून सगळा किल्ला, शंभराच्या वर बुरूज आणि खाली वळसा घालून गेलेली बोरी दिसते. एकेकाळी जिल्हा पण नळदुर्गच्याच नावानं होता, आता धाराशिव. जवळच अणदूर आहे, तिथला खंडोबा तर अजून वेगळाच, मूर्ती एक आणि ठाणी दोन, सव्वादहा महिने देव अणदूरला आणि पावणेदोन महिने नळदुर्गच्या मैलारपूरला. तिकडं जायचं राहिलं, उशीर झाला होता. परत येताना गाडीत दीरच जाऊबाईंना सांगत होते की पुढच्या वर्षी तुझ्या माहेरच्यांना घेऊन येऊ, पण पाणी असताना.

तर मुद्दा एवढाच आहे, पाणी असताना. नर-मादी काही बारा महिने वाहत नाही, बोरी धरण भरून सांडलं तरच, आणि ते आम्हाला घरी बसून कळायला काही मार्ग नाही. मोबाईलवर व्हिडिओ येतात ते या वर्षीचे का गेल्या वर्षीचे तेच समजत नाही, पेट्रोल जाळून जावं आणि कोरडा बंधारा बघून यावं लागलं की माणूस पुन्हा जात नाही आणि दुसऱ्यालाही जाऊ देत नाही. तुमचा बातमीदार नळदुर्गला असेलच, त्याला पाण्याची खबर रोज असते, त्यानं एक ओळ दिली की हजारो लोकांचा दिवस सार्थकी लागेल. त्याच्या शेजारी आत उतरायला परवानगी आहे का नाही तेही द्या, पाणी फार वाढलं असेल तर लहान पोरं घेऊन कुणी जाऊ नये. आणि जिन्याला धरायला कठडा आणि फारसी लेखाच्या शेजारी त्याचा मराठी अर्थ मोठ्या अक्षरात लावायचं संबंधितांनी मनावर घेतलं तर आमच्या सासूबाईंच्या वयाची माणसं आशीर्वाद देतील.

घटस्थापनेपासून कोजागिरीपर्यंत तुळजापूरला लाखो लोक येतात, कर्नाटकातून तर कितीतरी जण चालत येतात आणि त्याच दिवसांत बोरीला पाणी असण्याची शक्यता जास्त असते. म्हणून ही ओळ जमल्यास घट बसायच्या आधीपासूनच चालू करा.

आपली नियमित वाचक,
औसा, जि. लातूर