वर्गातला लघुपट मुलांचाच असू द्या

महोदय,

माझी मुलगी अकरावीला आहे. यंदा चतुर्थीच्या सुट्टीत तिच्या वर्गाला पाच मिनिटांचा लघुपट करून आणायला सांगितला होता, पाच-पाच जणांचे ग्रुप, मोबाईलवर शूट केलं तरी चालेल, विषय मात्र गोव्यातला हवा. सुट्टी संपली, सगळ्यांचे लघुपट वर्गात दाखवले, मार्क मिळाले आणि शाळेपुरतं ते प्रकरण संपलं. पण माझ्या डोक्यातून काही ते जाईना म्हणून हे पत्र. जरा लांब झालंय, जमलं तर पूर्ण छापा.

आधी ह्या पाच जणांना भुताची गोष्ट करायची होती. पडकं घर, रात्र, पाऊस वगैरे. त्यांच्या मॅडमनी (ह्या बाईंचं मला खरंच कौतुक आहे) त्यांना एवढंच विचारलं की सुट्टीत तुमच्या घरात असं काय होतं जे नंतर वर्षभर होत नाही? आणि दादासाहेब फाळक्यांचं सांगितलं, की १९१३ मध्ये त्यांनी आपला मोठा चित्रपट लोकांना दाखवला त्याच्या आधी एका रोपाची वाढ रोज थोडी थोडी शूट करून छोटीशी फिल्म केली होती, कुंडीत एक दाणा पेरायचा आणि त्याच्यासमोर कॅमेरा लावायचा बस. हे ऐकून मुलं घरी आली आणि माझ्या मुलीने डिक्लेअर केलं की आम्ही माटोळीवर करणार.

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. आमच्याकडे गणपतीच्या वर लाकडी चौकट टांगतात आणि तिला नारळ, सुपारीची शिपटी, केळ्यांचा घड, चिबूड, आंबाडे, कांगलां, घागऱ्या अशी रानातली आणि कुळागरातली (सुपारी-नारळाच्या बागेतली) फळं-फुलं बांधतात, ती माटोळी. कला आणि संस्कृती खातं हिच्या सजावटीची स्पर्धा पण घेतं. आमच्या मूळ घरी, फोंडा तालुक्यात, माटोळी बांधायचं काम माझे चुलत सासरे करतात, मुलीचे ते आजोबा लागतात पण घरात लहानथोर सगळे त्यांना दादाच म्हणतात. काही सामान फोंड्याच्या बाजारातून आणतो पण निम्मं ते स्वतः रानातून आणतात, आणि बांधायला सुतळी अजिबात चालत नाही, केवणीची (रानातलं एक झुडूप) साल काढून तिचे दोर करतात.

तर चतुर्थीच्या आदल्या दिवशी सकाळी पाच मुलं, तीन मोबाईल आणि एक स्टूल एवढं घेऊन शूटिंग सुरू झालं. आणि मग मी जे बघितलं ते मी माझ्या मुलीला अभ्यास करताना कधी बघितलेलं नाही.

पहिल्याच क्लिपमध्ये भिंतीवर काळे पट्टे सरकताना दिसायला लागले. मोबाईल बिघडला म्हणून एकजण रडकुंडीला आला. मग दुसऱ्याच्या लक्षात आलं की ट्यूब बंद केली की पट्टे जातात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे वाहणारी, त्यामुळे जुन्या चोकवाल्या ट्यूबचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो, डोळ्याला कळत नाही पण कॅमेऱ्याचं शटर त्याच्याशी जुळलं नाही तर पट्टे येतात, हे त्यांनी शोधून काढलं, मोबाईल प्रो मोडला टाकून शटर १/५० सेकंदावर ठेवलं आणि पट्टे गायब. हा आल्टरनेटिंग करंट त्यांनी दहावीला पाठ करून पेपरात लिहिलेला, त्या दिवशी तो त्यांना पहिल्यांदा भिंतीवर दिसला!

नंतर पाऊस आला. पडवीवर पत्रे आहेत, दादा काय बोलतायत ते एक अक्षर रेकॉर्ड होईना. मग एक मोबाईल दादांच्या सदऱ्याच्या खिशात ठेवला नुसता आवाजासाठी, आणि प्रत्येक शॉटच्या सुरुवातीला एकाने कॅमेऱ्यासमोर टाळी वाजवायची, म्हणजे नंतर चित्रातली टाळी आणि आवाजातली टाळी जुळवली की ओठ आणि शब्द बरोबर बसतात. हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं, व्हिडिओ बघून शिकली. खिशातल्या त्या रेकॉर्डिंगमध्ये दादांचा श्वास पण ऐकू येतो, स्टुलावर चढताना एकदम जोरात, आणि मुलीने तो कापला नाही.

आता मुख्य गोष्ट. माटोळीला पहिली गाठ मारतात तो शॉट त्यांना हवा होता, सगळी फिल्म त्याच्यावरच उभी होती, आणि नेमकं तेव्हाच मोबाईलचं स्टोरेज फुल झालं. दादांनी नारळाच्या जोडाला केवणीचा दोर दोनदा फिरवला, अंगठ्याने दाबला, दाताने ओढला आणि गाठ बसली सुद्धा, इकडे रेकॉर्डिंग बंद. मुलगी म्हणाली, "दादा, परत एकदां बांद ना." दादा म्हणाले, "बांदलेलें सोडपाचें न्हय, देवाचें तें." विषय बंद.

मग पाचही जण मागच्या अंगणात जाऊन अर्धा तास भांडली. एकाचं म्हणणं, दादांना अंगणात बसवून दुसऱ्या दोराने दुसऱ्या नारळाला गाठ मारायला सांगू, क्लोजअपमध्ये नुसते हात दिसणार, कोणाला काय कळतंय. दुसरी म्हणते ते खोटं होईल, आपण तर खरं दाखवतोय म्हणून सांगतो. तिसरा म्हणतो सगळेच असं करतात. मी स्वयंपाकघरात करंज्या तळता तळता हे सगळं ऐकत होते आणि मनात म्हटलं, हे तर मोठमोठे लोक पण ठरवू शकत नाहीत. शेवटी काय केलं, तर अंगणातली गाठ शूट केली पण तिच्यावर मुलीचा आवाज टाकला, की ही गाठ दादांनी आमच्यासाठी परत बांधून दाखवली, खरी गाठ वर आहे. आणि लगेच कॅमेरा वर माटोळीकडे. पाच मिनिटांतले हे दहा-बारा सेकंद. सोळा वर्षांच्या पोरांनी स्वतःच्या हिमतीवर एवढा प्रामाणिक निर्णय घेतला ह्याचा मला किती अभिमान वाटला ते मी लिहून सांगू शकत नाही.

म्युझिकचं पण तसंच. बाकीच्या बऱ्याच ग्रुपनी सिनेमाची गाणी घातली. ह्यांनी घरच्या आरतीचं घुमट (मातीच्या भांड्याला चामडं लावलेलं आमचं वाद्य) रेकॉर्ड केलं. पहिल्या दिवशी मोबाईल अगदी जवळ धरला तर आवाज पार फाटला, दुसऱ्या दिवशी पडवीच्या टोकाला खांबाजवळ ठेवला तेव्हा घुमट, शामेळ (काठ्यांनी वाजवतात तो छोटा ढोल) आणि कांसाळं (झांजा) तिन्ही वेगवेगळी ऐकू आली. घुमटाला आपल्या सरकारने २०१९ मध्ये राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं, ते शाळेच्या लघुपटात वाजलं तर त्याहून चांगलं काय.

एडिटिंग मोबाईलवरच, तीन रात्री. दादा कोंकणीत बोलतात म्हणून खाली मराठी सबटायटल दिले. आमच्या घरात बोलणं कोंकणी आणि वाचणं मराठी हे आजोबा-पणजोबांपासून चालत आलंय, त्यात काही अवघड वाटत नाही. पण कांगलांना मराठीत काय म्हणतात ते घरात कोणालाच सांगता येईना, मग सबटायटलमध्ये कांगलांच ठेवलं, ते बरोबरच केलं असं माझं मत.

आता वर्गात काय झालं ते. पहिला नंबर मिळाला तो एका ग्रुपच्या लघुपटाला, ज्यात ड्रोनचे शॉट होते, स्लो मोशन होतं, रंग अगदी जाहिरातीसारखे. दिसायला सुंदर होता, मी पण बघितला. तो लग्नाचं शूटिंग करणाऱ्या माणसाने शूट करून एडिट पण करून दिलेला होता, हे वर्गात सगळ्यांना माहीत होतं आणि मार्क देणाऱ्यांना पण माहीत होतं. आमच्या मुलांच्या कागदावर शेरा आला, आवाज सगळीकडे सारखा नाही, भाषा मिश्र, दृश्यं साधी. माझ्या मुलीला कमी मार्क मिळाले म्हणून मी हे लिहितेय असं वाटेल तर वाटू दे, वाईट मला वाटलंच. पण त्याहून जास्त वाईट वाटलं ते त्या पहिल्या नंबरच्या ग्रुपमधल्या एका मुलाचं. तो माझ्या मुलीला म्हणाला, मला काहीच करायला मिळालं नाही ग, मी फक्त ते सांगतील तिथून तिथे चाललो.

त्या मुलाला शटर म्हणजे काय ते कळलं नाही, टाळी का वाजवायची ते कळलं नाही, कुठे कापायचं आणि कुठे थांबायचं ह्याच्यावर मित्रांशी भांडायला मिळालं नाही. त्याच्या आईवडिलांना मी दोष देत नाही, मार्क जर चकाचक दिसण्याला मिळणार असतील तर कुठलेही पालक खिशात हात घालणारच, आणि ज्यांच्या खिशात नाही त्यांच्या मुलांनी काय करायचं?

सायन्सच्या प्रॅक्टिकलला आपण जर्नल तपासतो ना, रीडिंग कसं घेतलं ते विचारतो, व्हायवा घेतो. मग लघुपटाला का नको? मुलांनी शूट केलेल्या मूळ क्लिप पेनड्राईव्हवर द्यायला सांगा, कोणी काय केलं, काय फसलं, कसं सुधारलं त्याची वही ठेवायला सांगा, आणि पाच मिनिटं समोर बसवून विचारा की इथे का कापलंस, हा आवाज कुठून आणलास. ज्याने केलंय तो घडाघडा बोलेल, माझी मुलगी तर थांबायचीच नाही. बाहेरच्या माणसाकडून शूट किंवा एडिट करून घेतलेलं चालणार नाही हे आधीच लेखी सांगा. घरातलं माणूस घरच्या भाषेत बोललं तर मार्क कापू नका, वर्गाच्या भाषेतलं सबटायटल बरोबर आहे का ते तपासा. आणि हे सगळं सुट्टीवर ढकलू नका, आठवड्याला एक तरी पिरियड शाळेतच ह्यासाठी द्या, कारण सगळ्याच घरी तीन मोबाईल आणि रिकामा वेळ नसतो. आमच्या ग्रुपमधल्या एका मुलीला घरच्या कामामुळे दोनच दिवस येता आलं, त्या टाळ्या तिच्याच आहेत.

आणखी एक मागणी आहे. २००४ पासून इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, आपल्या पणजीत होतो, त्यासाठी माकिनेझ पॅलेस ही जुनी वास्तू दुरुस्त झाली, तिथे चांगली थिएटरं आहेत. वर्षातली एक दुपार तिथे गोव्यातल्या शाळा-हायर सेकंडरीतले असे वर्गात केलेले लघुपट दाखवता येणार नाहीत का? बक्षीस नको, स्पर्धा नको, परीक्षक नकोत, नुसता मोठा पडदा आणि नीट आवाज. सावर्डे, सत्तरी, काणकोणच्या मुलांसाठी बसची सोय करावी लागेल, ती संबंधित खात्याने करावी.

आमच्या मुलांचा लघुपट आम्ही घरच्या टीव्हीवर लावून दादांना दाखवला. ते चष्मा लावून अगदी पुढे खुर्ची घेऊन बसले, एक शब्द बोलले नाहीत. संपल्यावर म्हणाले, परत लाव. अंगणातल्या त्या गाठीपाशी आले तसे म्हणाले, "ह्या गांठीक एक पीळ उणो पडला." घाईत एक पीळ खरंच कमी पडला होता, मुलांच्या कोणाच्या लक्षात पण आलं नव्हतं. मुलीने वही काढून ते लिहून ठेवलं, आणि पुढच्या चतुर्थीला स्टोरेज आधी रिकामं करून स्टुलाखाली दोन मोबाईल लावायचे असं त्या पाच जणांचं ठरलंय, मार्क असोत नसोत. निदान तोपर्यंत तरी वरच्या नियमांचा विचार शाळांनी आणि शिक्षण खात्याने करावा ही माझी कळकळीची विनंती.

आपली,
एक पालक, फोंडा तालुका