रोखेबाजाराला अर्थपानावर जागा हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शेअर निर्देशांक घसरला की 'गुंतवणूकदारांचे इतके कोटी बुडाले' असा ठळक मथळा येतो. तो सावरला की तितकाच ठळक मथळा पुन्हा. सरकारी कर्जरोख्यांचा (सरकार कर्ज घेताना विकते त्या रोख्यांचा) परतावा, म्हणजे आजच्या भावाने रोखा घेणाऱ्याला पडणारा वार्षिक दर, मात्र शोधूनही सापडत नाही. गेल्या काही वर्षांतले मोठे हादरे याच बाजारातून आले असताना वाचकाला त्याची रोजची खबर मिळू नये, याची मला खरोखर चिंता वाटते.

एक उदाहरण व्याजदरकपातीचे. अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेने, सप्टेंबर 2024 पासून डिसेंबरपर्यंत तीन टप्प्यांत दर एक टक्क्याने उतरवले. आता कर्जे स्वस्त होणार, असाच सर्वत्र सूर होता. झाले उलटेच. तिथल्या दहा वर्षांच्या सरकारी रोख्यांचा परतावा सप्टेंबरमध्ये सुमारे 3.6 टक्के होता, तो जानेवारी 2025 मध्ये 4.8 टक्क्यांच्या आसपास गेला आणि त्यामागोमाग गृहकर्जेही महागली. मध्यवर्ती बँकेच्या हातात असतो तो अगदी अल्प मुदतीचा दर. दहा-वीस वर्षांसाठी पैसे देणारा माणूस पुढची महागाई पाहतो, सरकारची तूट पाहतो, अजून किती रोखे विक्रीला येणार याचा अंदाज घेतो आणि मग आपला भाव सांगतो. घर घेणाऱ्याचा हप्ता आणि कारखाना काढणाऱ्याचे व्याज बरेचसे या भावावर ठरते. म्हणूनच नुसती 'दर घटले' एवढीच बातमी दिली, तर वाचकाची दिशाभूल होते.

विषय क्लिष्ट आहे, वाचक वाचणार नाहीत, हे मला मान्य नाही. दर्शनी किंमत 100, व्याज वर्षाला 2 टक्के, मुदत दहा वर्षे असा रोखा घ्या. बाजारातला दर साडेचार टक्क्यांवर गेला, तर हा रोखा 100 ला कोणीच घेणार नाही. हिशेबाने त्याची किंमत 80 च्या आसपास येते. व्याज वेळेवर मिळते आहे, मुद्दलही मुदत संपल्यावर पूर्ण मिळणार आहे, तरीही आजच विकायची पाळी आली तर पाचवा हिस्सा गेला.

अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेवर हीच पाळी आली. करोनाकाळात आलेल्या भरमसाट ठेवी तिने कमी व्याजाच्या, दीर्घ मुदतीच्या, सुरक्षित समजल्या जाणाऱ्या रोख्यांत अडकवल्या होत्या. दर चढले, रोखे उतरले, तोटा सोसून ते विकावे लागले आणि 9 मार्च 2023 रोजी ठेवीदारांनी एका दिवसात 42 अब्ज डॉलर काढून नेले. दुसऱ्याच दिवशी नियामकांनी बँक ताब्यात घेतली. त्याआधी सप्टेंबर 2022 मध्ये ब्रिटनने पैशांची सोय न सांगता करकपात जाहीर केली, तेव्हा रोखे इतके कोसळले की पेन्शन फंडांना वाचवण्यासाठी तिथल्या मध्यवर्ती बँकेला, बँक ऑफ इंग्लंडला, खरेदीत उतरावे लागले. पंतप्रधान लिझ ट्रस यांचे पद पुढच्याच महिन्यात गेले.

एप्रिल 2025 मधला प्रकार मला सर्वांत गंभीर वाटतो. ट्रम्प यांच्या आयातशुल्काच्या घोषणेने शेअर पडले की पैसा अमेरिकी सरकारी रोख्यांकडे वळायला हवा होता, आजवरची रीत तीच. सुरुवातीला तसे झालेही, पण काही दिवसांतच शेअरबरोबर रोखेही विकले जाऊ लागले. 9 एप्रिलला बहुतेक देशांवरचे वाढीव शुल्क 90 दिवसांसाठी थांबवले गेले आणि रोखेबाजारातले लोक अस्वस्थ झाले होते, हे ट्रम्प यांनीच बोलून दाखवले. सगळे जग ज्याला आसरा मानते, त्यालाच भीतीच्या दिवसांत गिऱ्हाईक कमी पडावे, ही पहिल्या पानाची बातमी होती.

माझी विनंती एवढीच, की निर्देशांकाच्या शेजारी दोन आणि दहा वर्षांच्या सरकारी रोख्यांचा परतावा रोज छापावा, सोबत महिन्यापूर्वीचा आणि वर्षापूर्वीचा आकडाही द्यावा. आणि शेअर बाजाराची घसरण अंशांऐवजी टक्क्यांत सांगावी.

आपला,
एक नियमित वाचक