मशीन एक झालं, ट्रेड अजून दोनच

प्रति,
मा. कौशल्य विकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत माझं छोटं मशीन शॉप आहे. आमच्याकडे एक शाफ्ट (गोल दांडा) यायचा : टोकाला षटकोन, मध्ये आडवं भोक, पलीकडे की-वे, म्हणजे चावी बसवायची खाच. आधी लेथ, तिथे जॉब (घडवायचा तुकडा) फिरतो, मग मिलिंग, तिथे कटर फिरतो, मग ड्रिलिंग. जॉब सोडून पुन्हा धरला की दरवेळी डायल लावून सेंटर काढा, आणि एवढं करूनही भोक की-वेच्या रेषेत येईल याची खात्री नाही. कटिंग मिनिटांचं, पण जॉब ट्रेमध्ये दिवसच्या दिवस पडून.

शेवटी कर्ज काढून टर्न-मिल घेतलं, म्हणजे लेथ आणि मिलिंग एकाच मशीनमध्ये. टरेटवर (टूल्स धरणाऱ्या डोक्यावर) स्वतः फिरणारी टूल्स, जॉब फिरवणारा स्पिंडल हव्या त्या कोनात वळवणारा सी अक्ष, टूल आडवं सरकवणारा वाय अक्ष, मागून जॉब पकडणारा सब-स्पिंडल. मशीन आलं, पण चालवणारा मिळेना.

आयटीआयचा टर्नर, म्हणजे लेथवाला, आला. हुशार पोरगा. पण स्पिंडल म्हणजे गरगर फिरणारी वस्तू, एवढंच त्याला माहीत. तोच स्पिंडल ३७ अंशांवर थांबतो, किंवा प्रोग्राममध्ये जी१२.१ हा कोड दिला की एक्स अक्षाच्या (टूल आत-बाहेर नेणाऱ्या) जोडीनं सावकाश वळत षटकोन कापून देतो, हे त्यानं कधी पाहिलेलंच नव्हतं. मशिनिस्ट, म्हणजे मिलिंगवाला, आला, तर त्याचा जॉब आजवर टेबलावर गप्प बसलेला. कटरपेक्षा रुंद की-वे त्यानं नुसता सी अक्ष फिरवून केला. भिंती समांतर आल्या नाहीत. तिथे वाय लागतो. ११ शाफ्ट भंगारात गेले. (त्यातले ३ माझ्या हातचे, हेही सांगून टाकतो.)

टर्नर आणि मशिनिस्ट हे दोन-दोन वर्षांचे वेगळे ट्रेड आहेत. दोघांनाही सीएनसी (संगणकाच्या प्रोग्रामवर चालणारी मशीन) शिकवतात, मान्य. पण दोन्ही कामं एकाच चकात (जॉब धरणाऱ्या पकडीत) आली की काय होतं, ते माझ्याकडे आलेल्या एकालाही कुणी दाखवलं नव्हतं. ट्रेडचा अभ्यासक्रम दिल्लीत ठरतो, ठाऊक आहे. अल्प मुदतीचा वर्ग मात्र राज्य काढू शकतं. तीन महिने पुरतील : पहिला महिना संगणकावर सिम्युलेशन, कारण इथे टूल चकावर आदळलं तर नुकसान लाखांत जातं, पुढचे दोन मशीनवर. आणि आधी आयटीआयच्या निदेशकांना बसवा, मग पोरांना.

प्रत्येक आयटीआयला असं मशीन घ्या, असं मी म्हणत नाही. आठवड्याच्या सुट्टीला माझं मशीन बंदच असतं. मटेरियल आणि टूल्सचा खर्च विभागानं करावा, शिकवायला मी उभा राहतो. एका वेळी चार पोरं पाठवा. पाचव्याला दारातून काही दिसत नाही.

आपला,
शिरोलीतला एक लघुउद्योजक