तीन की सहा?

प्रिय मित्रा,

तुझा राग अजून गेला नसेल, तरी वाच. तब्येत ठीक, गुडघा आहे तसाच. जे झालं ते घरात कुणाला सांगून कळत नाहीये, म्हणून तुला लिहितोय.

रविवारी पोरांना घेऊन डोंगरात गेलो होतो. थोरल्याच्या गळ्यात शिट्टी बांधलीय आणि घोकून घेतलंय: वाट चुकलास तर हिंडायचं नाही, एका झाडाला धरून थांबायचं, तीन शिट्ट्या मारायच्या, थोडं थांबून परत तीन. हो, तीनच! तुझं ते आल्प्समधलं, मदतीसाठी मिनिटाला सहा शिट्ट्यांचं पुराण पाठ आहे मला. त्यावरून आपण तंबूत लंब्याला रात्रभर झोपू दिलं नव्हतं. तुझ्या हिशोबात तीन म्हणजे 'ऐकलं रे', माझ्या हिशोबात 'वाचवा'. (ही म्हणते, तीन झाल्या की गॅस बंद करतात.)

तर धाकटी माझ्या पाठीवर, कॅरिअरमध्ये. ओझ्यानं मला घाम फुटलेला, ती मात्र नुसती बसून गार पडलेली. एवढ्याशा जिवाची ऊब भराभर निघून जाते आणि आपल्या घामावरून ते कळतही नाही. तिला टोपी घालायला थांबलो, तेवढ्यात थोरला वळणाआड गेला. आणि तीन शिट्ट्या.

कसा धावलो विचारू नकोस. गुडघ्याला विचार.

साहेब उकिडवे बसलेले. मुंग्यांच्या रांगेवर बोट फिरवून त्यांनी वाट पुसली होती. मुंग्या वासावर चालतात ना, पुसल्या जागेशी येऊन सगळ्या गोंधळलेल्या, मागं फिरतायत, मिश्या हलवतायत. "बाबा, लवकर, त्यांना परत सापडायच्या आत बघ!"

मी ओरडलो नाही. 'लांडगा आला रे आला' सांगितली, शिट्टी फक्त संकटात हे पुन्हा बजावलं. त्यानं मान डोलावली आणि विचारलं, "मग भारी काही दिसलं तर किती मारायच्या?"

इथं अडलोय बघ. नियम बरोबर आहे, त्यात तसूभर बदल करणार नाही. पण पुढं एका खोडावर सरडा होता. त्यानं तो पाहिला, हे मी पाहिलं, आणि तो काही बोलला नाही. तेव्हापासून तेच डोक्यात घोळतंय. संकटात हाक मारायला शिकवताना आनंदात हाक मारायची याची सवय मोडतोय का मी? ही म्हणते, सात वर्षांचं पोर आहे, विसरेल. तू मात्र असं म्हणणार नाहीस. बेडूक दिसला म्हणून भर चढणीवर सगळ्यांना थांबवणारा तूच, आणि 'उशीर होतोय' म्हणून खेकसणारा मी.

आता खेकसत नाही. त्या स्कॉटिश गिर्यारोहक नेस्मिथचा, डोंगरात किती वेळ लागेल याचा १८९२ चा हिशोब आठवतो ना? ३ मैलांना एक तास, वर दर २००० फूट चढाईला आणखी एक. मुंग्यांसाठी किती धरायचा ते त्या गृहस्थानं सांगितलेलं नाही. म्हणून परतायची वेळ आधीच ठरवतो, तोवर पोचू तिथं पोचू. परवा माथा राहिलाच. हस.

माझं मत, भारी काही दिसलं की एक लांब शिट्टी. पण कुणी खरंच अडकलं आणि तिनातली एकच ऐकू आली तर? की आनंदाला शिट्टी नकोच, वेगळी आरोळी हवी? आपली ती घाणेरडी आरोळी सोडून. तूच ठरव, त्याला मी 'काका कळवेल' असं सांगून बसलोय. सहा म्हणालास तर पत्र फाडीन.

काकूंचं ऑपरेशन नीट झालं ना? नवीन नोकरीतला साहेब कसा आहे? घराचं काय झालं तेही लिही. आणि येशील तेव्हा कॅरिअर तू उचलायचंस, धाकटी आता चांगलीच जड झालीय.

तुझा,
(तू ठेवलेलं नाव लिहीत नाही, थोरल्याला आता वाचता येतं)