प्रिय वर्षास : इंग्लंडच्या वाटेविषयी

लीड्स,
रविवार

प्रिय वर्षा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. जीएनएम ही नर्सिंगची पदविका घेऊन बारा वर्षे वॉर्डात काढल्यावर इंग्लंडला जायचे तर नर्सिंग पुन्हा पहिल्यापासून शिकावे लागते का, हा तुझा प्रश्न चार दिवस माझ्या मनात घोळतो आहे. नाही, पुन्हा शिकावे लागत नाही. मात्र आपल्या हातांना जे येते ते तोंडाने बोलून आणि कागदावर लिहून दाखवायला शिकावे लागते, आणि त्यालाच जास्त वेळ लागतो.

पहिला टप्पा इंग्रजीचा. नर्सची नोंदणी करणारी इथली परिषद, एनएमसी, दोन इंग्रजी परीक्षांपैकी एक मागते : सर्वांसाठीची आयईएलटीएस किंवा आरोग्यसेवेतल्यांसाठीची ओईटी. आयईएलटीएसमध्ये लेखनाला ६.५ आणि बाकी तिन्ही भागांत ७ गुण लागतात. ओईटीत लेखनाला सी प्लस आणि इतरांत बी. माझे मत विचारशील तर तू ओईटी दे. त्यात रुग्णाला दुसरीकडे पाठवतानाचे पत्र लिहायचे असते, वॉर्डातलेच संवाद ऐकायचे असतात, म्हणजे अनोळखी विषयावर निबंध लिहिण्यापेक्षा ती आपल्या कामाला जवळची आहे. एका बैठकीत सगळे जमले नाही तरी खचू नकोस. ठरावीक किमान गुण असतील तर बारा महिन्यांतल्या दोन प्रयत्नांचे निकाल जोडून घेतात.

कागदपत्रांची तयारी मात्र आजच सुरू कर. तुझी मार्कशीट आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी माहेरच्या नावाने आहे, पासपोर्ट सासरच्या. वडिलांचे नाव जाऊन मधे नवऱ्याचे नाव आले की आपल्याला त्यात काही वावगे वाटत नाही, पण परक्या देशातल्या तपासनिसाला त्या दोन वेगळ्या बायका दिसतात. लग्नाचा दाखला आणि राजपत्रातली नावबदलाची नोंद हाताशी ठेव. माझे कितीतरी आठवडे एवढ्याच गोष्टीपायी गेले.

त्यानंतरची सीबीटी ही संगणकावरची परीक्षा मुंबईतच देता येते. तिचे शुल्क ८३ पौंड आहे. पहिल्या भागात औषधाच्या मात्रेची आणि ठिबकाच्या वेगाची गणिते, दुसऱ्यात नर्सिंगचे प्रश्न. तुला ती जड जाणार नाही.

खरी कसोटी इथे आल्यावरची, ऑस्की या प्रात्यक्षिक परीक्षेची. रुग्णालयात रुजू झाल्यापासून बारा आठवड्यांच्या आत पहिला प्रयत्न करावा लागतो. एकूण दहा स्टेशन असतात, म्हणजे एकेका कामाची वेगळी परीक्षा. त्यांतली चार एकाच रुग्णाभोवती फिरतात : तपासणी, नियोजन, प्रत्यक्ष काम आणि मूल्यमापन. चार कौशल्यांची असतात आणि उरलेली दोन केवळ लेखी. माझे औषध देण्याचे स्टेशन पहिल्या वेळी गेले, ते कसे गेले ते तुला सविस्तर सांगते. पलंगावर रुग्णाची भूमिका करणाऱ्या एक आजी होत्या. मी चार्ट वाचला, मात्रा पाहिली, वेळ पाहिली, गोळ्या काढून त्यांच्या हातावर ठेवल्या. मनगटावरची पट्टी चार्टशी ताडून पाहिली नाही आणि कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे का, हेही विचारले नाही. आपल्याकडे चाळीस खाटांच्या वॉर्डात रोज तोंड पाहून औषध देण्याची जी सवय अंगात मुरली होती, तिने तिथे घात केला. ३९७ पौंड भरून फेरपरीक्षा झाली. नशिबाने ते रुग्णालयाने भरले.

त्या फेरपरीक्षेआधी तीन आठवडे वॉर्डातल्या शिक्षिकेने माझ्याकडून रोज तोच सराव करून घेतला. आधी हात धुवायचे, नाव सांगायचे, तुम्हाला काय म्हणून हाक मारू ते विचारायचे, जन्मतारीख विचारायची, पट्टी पाहायची, ॲलर्जी विचारायची, परवानगी घ्यायची आणि मगच हात लावायचा. वर्षा, "आजी, हात द्या बघू" म्हणत आपण आयुष्यभर मायेने काम केले, आणि त्या मायेत खोट नव्हती. पण आजींना विचारायचे राहून जात होते, हे मला इथे कळले.

ऑस्की पास होऊन पिन, म्हणजे नोंदणीचा क्रमांक, मिळेपर्यंत तू नर्स म्हणून सही करू शकणार नाहीस. इथल्या पगारश्रेणींना बँड म्हणतात; तोवर रुग्णालयानुसार बँड तीन किंवा चारवर पगार मिळतो, नोंदणीनंतर बँड पाच. बारा वर्षांच्या सिस्टरला, जिला आपल्या वॉर्डात ज्युनिअर डॉक्टरही विचारून काम करत, एखादे इंजेक्शन देण्याआधी दुसऱ्याकडे पाहावे लागते, तेव्हा लागते ग मनाला. मी दोनदा स्टोअररूममध्ये जाऊन रडले. आणि इथे कोणी तुला सिस्टर म्हणणार नाही. इथे सिस्टर म्हणजे वॉर्डची इन्चार्ज.

शेवटी त्या एजंटाविषयी. त्याने तुझ्याकडे नोकरी लावून देण्याचे तीन लाख मागितले आहेत ना? देऊ नकोस. इंग्लंडच्या सरकारी आचारसंहितेनुसार नोकरी मिळवून देण्यासाठी उमेदवाराकडून पैसे घेता येत नाहीत. एजन्सीचा मोबदला रुग्णालय देते. परीक्षांची फी, व्हिसा, विमानभाडे यांतले कोण काय भरणार आणि मुदतीआधी नोकरी सोडल्यास किती रक्कम परत द्यावी लागेल, ही दोन कलमे करारात शोध आणि ती समजल्याशिवाय सही करू नकोस. करार मला पाठव, मी ओळ न् ओळ वाचते.

मार्कशीटची आणि पासपोर्टच्या पहिल्या पानाची छायाचित्रेही याच आठवड्यात पाठव. बुधवारी माझी नाईट संपते. तुझी दुपारची ड्युटी नसेल तर तुमच्या दोन वाजता फोन करते. सासूबाईंना नमस्कार, चिनूला गोड पापा.

तुझी,
मीनल