आधी खाणीत नेमबाजीची रेंज, मग जागतिक स्पर्धा: क्रीडामंत्र्यांना खुले पत्र

माननीय क्रीडामंत्री महोदय,
गोवा राज्य

२०२३ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा पार पडल्यापासून गोव्यात कुठल्याही खेळाची आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरवता येईल, असा विश्वास आपल्याकडे आला आहे. प्रॅक्टिकल हँडगन नेमबाजीचे नावही आता नेमबाजांच्या गप्पांत निघते. स्पर्धा यावी असे मलाही वाटते, पण आजच्या घडीला ती मागू नये.

हा खेळ स्वप्नील कुसाळे किंवा मनू भाकर यांच्या नेमबाजीसारखा नाही. तिथे नेमबाज एकाच जागेवरून नेम धरतो. इथे बझर वाजला की पिस्तूल होल्स्टरमधून काढायचे, धावायचे, आडोशामागून पुठ्ठ्याची आणि लोखंडी लक्ष्ये टिपायची. मिळालेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागायचे. नुसता वेगवान हरतो आणि नुसता अचूकही हरतो. १९७६ साली अमेरिकेत या खेळाची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. जागतिक स्पर्धा २०२२ मध्ये थायलंडच्या पट्टायात झाली, त्यानंतरची २०२५ मध्ये दक्षिण आफ्रिकेत.

बंदूक म्हटली की लोक दचकतात, म्हणून सुरक्षेचे सांगतो. रेंजवर पिस्तूल रिकामेच वावरते; रेंज ऑफिसरच्या, म्हणजे तिथल्या पंचाच्या, हुकमाशिवाय त्यात गोळी भरता येत नाही. नळी ठरलेल्या मर्यादेबाहेर वळली की स्पर्धक बाद, मग तो विश्वविजेता का असेना. आपल्या सत्तरी तालुक्यातल्या बागायतदाराला ही शिस्त नवी नाही. रानडुकरांपासून पीक राखायला परवान्याची बंदूक बाळगणारा हा माणूस निवडणूक जाहीर झाली की ती निमूटपणे पोलीस ठाण्यात जमा करतो. (पीक तेवढे दिवस देवाच्या भरवशावर.)

आता अडचण. जागतिक स्पर्धेत तीसच्या आसपास स्टेज, म्हणजे लक्ष्ये आणि आडोसे यांच्या वेगवेगळ्या मांडण्या, असतात आणि बहुतेक प्रत्येकाला तीन बाजूंनी मातीचा उंच बांध लागतो. एअर पिस्तुलाच्या हॉलमध्ये हे जमणार नाही. समुद्रकिनाऱ्यावर तर नाहीच, कोणी कितीही देखणे सादरीकरण दाखवले तरी. पण डिचोली, सत्तरी, सांगे इथे बंद खाणींचे खंदक पडून आहेत. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ८८ लीज रद्द झाल्या. काही खंदकांच्या भिंती कुठल्याही कंत्राटदाराच्या बांधापेक्षा उंच आहेत. त्यांतला एक कोरडा खंदक निवडा. कोरडाच, कारण पाणी साठलेल्या खंदकांवर आजूबाजूच्या गावांची तहान आणि शेती अवलंबून असते, आणि गोळ्यांतले शिसे त्या पाण्यात उतरता कामा नये. शिसे वेळोवेळी माती चाळून काढण्याची अट करारातच घाला. उतार खचणार नाही याची तपासणी आधी, उद्घाटनाची फीत नंतर.

दुसरे काम दिल्लीतले आहे. या खेळात किमान ९ मिलिमीटरचे काडतूस लागते आणि आपल्याकडे ते प्रतिबंधित बोअरमध्ये, म्हणजे सामान्य नागरिकाला सहसा न मिळणाऱ्या शस्त्रांच्या वर्गात, मोडते. त्याचा परवाना जिल्हाधिकाऱ्यांच्या हातात नाही, केंद्रीय गृहमंत्रालयाच्या हातात आहे. म्हणजे गोव्यात उद्या जागतिक स्पर्धा भरली तर परदेशी पाहुणे खेळतील आणि आमची मुले खुर्च्या मांडतील. अशा यजमानपणात मला रस नाही. खेळाडूंची शस्त्रे सरकारी रेंजच्या शस्त्रागारातच राहतील, घरी जाणार नाहीत, अशी व्यवस्था सुचवून राज्याने केंद्राकडे परवानगी मागावी. नागरिकांच्या हाती ९ मिलिमीटर देण्याची मागणी मी करत नाही, आणि तशी कोणी केली तर मी विरोध करीन.

रेंज ऑफिसर तयार करायलाही आतापासून लागावे लागेल. एका स्टेजवर एक माणूस पुरत नाही. निवृत्त पोलीस आणि माजी सैनिक आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांना प्रशिक्षणासाठी बाहेर पाठवायचा खर्च एखाद्या उद्घाटन सोहळ्यातल्या आतषबाजीपेक्षा जास्त नसावा.

पावसाळा संपला की खाण खात्याच्या अधिकाऱ्यांना सोबत घेऊन खंदक पाहायला निघा. तारीख कळवा, डिचोलीतून पुढचा रस्ता आम्ही दाखवू.

आपला,
एक गोमंतकीय नेमबाज