स्मार्ट कुलूप बसवण्याआधी दाराशी सिग्नल तपासावा

माननीय संपादक,
स. न.

मुलुंडच्या आमच्या सदनिकेत राउटर आतल्या खोलीत, मध्ये आरसीसीच्या दोन भिंती आणि दाराबाहेर लोखंडी सेफ्टी डोअर अशी रचना असल्याने नवे स्मार्ट कुलूप वायफायपासून वारंवार तुटत असे. ऐंशी वर्षांच्या आईला घरी ठेवून कामावर गेल्यावर दार बंद आहे की नाही हे मोबाइलवर कळू नये, ही किरकोळ गैरसोय नव्हे. विक्रेत्याने कुलूपच बदलायला सांगितले. प्रत्यक्षात राउटर हॉलमध्ये आणताच प्रश्न सुटला.

वायफायची बहुतेक कुलपे २.४ गिगाहर्ट्झ या वारंवारतेवर चालतात, कारण ५ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतींतून जाताना अधिक क्षीण होतात. मात्र आपल्या दाट वस्तीत २.४ वर शेजाऱ्यांच्या राउटरचीही गर्दी असते, म्हणून राउटरच्या सेटिंगमध्ये १, ६ आणि ११ यांपैकी मोकळे चॅनल (लहरींचा उपपट्टा) निवडावे. कुलूप वायफायऐवजी झिग्बीचे (स्मार्ट उपकरणांना जोडणारी, कमी वीज वापरणारी बिनतारी पद्धत) असेल, तर दाराजवळ कायम विजेवर चालणारा झिग्बी स्मार्ट प्लग लावावा, तो संदेश पुढे पोचवतो. बॅटरीवरची उपकरणे सहसा हे काम करत नाहीत. सिग्नल क्षीण राहिला, तर कुलपाची बॅटरीही लवकर उतरते. किल्लीची सोय असलेलेच कुलूप घ्यावे, हे मी आग्रहाने सांगेन.

विक्रेत्यांनी कुलूप बसवण्यापूर्वी सेफ्टी डोअर लावून दाराशी सिग्नल मोजावा आणि विकासकांनी प्रवेशद्वाराजवळ एक प्लग पॉइंट द्यावा, अशी माझी विनंती आहे.

– एक वाचक, मुलुंड (पूर्व), मुंबई